कडेची पाखरे आणि आतली पाखरे

(मानकोली येथे रात्रीच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



मागच्या वेळी आम्ही इथे आलो, तेव्हा रानाविषयी बोललो होतो. रान तुटते आहे, पाखरे कमी होत आहेत, असे आम्ही सांगत होतो. तेव्हा मागच्या ओळीतून एक दादा उठले. ते म्हणाले, "आमची बहीण कामणच्या बाजूला दिलीय. तिकडं डोंगराच्या अंगानं रस्ता काढला. झाडं गेली, ते खरं. पण मी तर तिथं आता पहिल्यापेक्षा जास्त पाखरं बघतो. सकाळी नुसता कलकलाट असतो. मग झाडं गेली की पाखरं जातात, हे कसं काय?"

मंडळी, प्रश्न अगदी सरळ होता. पण आम्हांला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. काहीतरी बोलून आम्ही वेळ मारून नेली. दादांचे समाधान झाले नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होते. खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते.

मग ठरवले, वाद कशाला? जाऊनच बघू. या वर्गातली काही माणसे, ते दादा आणि आम्ही, असे सगळे वैशाखातल्या एका रविवारी पहाटे निघालो. प्रत्येकाजवळ एक वही आणि एक पेन्सिल. त्या दिवशी काय दिसले, तेच आज सांगायचे आहे.

आपल्या मानकोलीच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला नाशिकचा रस्ता, आणि जिकडे बघावे तिकडे गोदामे. जिथे भाताची खाचरे होती, तिथे आता पत्र्याची छपरे आहेत. त्यामुळे रान म्हणजे कुठेतरी लांब, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाटते. पण तसे नाही. अंजूरफाट्यावरून खारबाव, कामण करीत चिंचोटीला गेले, की डोंगर लागतो. त्या डोंगरावर तुंगारेश्वरचे रान आहे. सरकारने २००३ मध्ये ते अभयारण्य म्हणून जाहीर केले. सुमारे ८५ चौरस किलोमीटर रान आहे. ते वसई आणि भिवंडी अशा दोन तालुक्यांत पसरले आहे. म्हणजे थोडे आपलेही आहे, बरं का! त्याच्या दक्षिणेला वसईची खाडी आणि घोडबंदरचा रस्ता. ते ओलांडले, की येऊर-बोरिवलीचे रान. त्याला आता संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात. पूर्वी ही सगळी डोंगररांग झाडीने भरलेली होती.

चिंचोटीहून थोडे उत्तरेला सातिवली. तिथून तुंगारेश्वरच्या देवळाकडे वाट जाते. नाक्यावर वहीत नाव लिहावे लागले. आमच्यातल्या दोघी बहिणींनी तिथे सही केली. अंगठा नव्हे, सही. हे मुद्दाम सांगतो, कारण परत येताना पाखरांपेक्षा त्या सहीचीच चर्चा जास्त झाली.

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिले 'कड'. उजव्या बाजूला लिहिले 'आत'. जे पाखरू दिसेल किंवा ऐकू येईल, त्याचे नाव त्या त्या बाजूला लिहायचे. नाव ठाऊक नसेल, तर रंग आणि शेपटी लिहायची.

पहिला तास आम्ही रानाच्या कडेलाच थांबलो. म्हणजे जिथे शेताचा बांध संपतो, करवंदीच्या जाळ्या लागतात, आणि मागे मोठी झाडे सुरू होतात, तिथे. करवंदे पिकली होती. बुलबुलांनी नुसता धुमाकूळ घातला होता. विजेच्या तारेवर कोतवाल बसला होता. त्याच्या शेजारी हिरवे वेडे राघू. ते तारेवरून झेप घ्यायचे, हवेतच माशी पकडायचे आणि पुन्हा तारेवर. घाणेरीच्या झुडपात शिंपी टिवटिव करीत होता. जाळीतून भारद्वाजाचा 'हुप हुप' आवाज आला. त्याला कुणी कुक्कुडकुंभा म्हणते. एका घराच्या कौलावर दयाळ बसून गात होता. साळुंक्या, होले, तांबट, कोकीळ, कावळे, चिमण्या. सातभाई तर सगळ्यांवर ओरडत होते. लिहिता लिहिता हात दुखला. डावी बाजू भरत आली.

दादा आमच्याकडे बघून हसले. म्हणाले, "बघा. मी काय सांगत होतो?"

आम्ही म्हटले, "आता आत चला."

वाटेने आत चालत गेलो. थोडे गेल्यावर बाजूच्या ओहोळाकाठी वळलो. वैशाखात सागाची पाने झडलेली असतात, पण ओहोळाच्या काठी झाडी हिरवीगार होती. बाहेर घाम येत होता. आत आल्यावर अंगाला गारवा लागला. पायाखाली पाल्याचा जाड थर. वारा लागत नव्हता. आणि काय सांगावे, सगळीकडे शांत! एक ताई म्हणाल्या, "इथं तर काहीच नाही की! उगाच आलो एवढं."

आम्ही म्हटले, "खाली बसू. बोलायचं नाही. अर्धा तास."

खेड्यातल्या माणसाला अर्धा तास गप्प बसवणे किती अवघड आहे, ते आम्हांला त्या दिवशी कळले. पण बसले बिचारे.

आधी पाचोळा खसखसला. आम्हांला वाटले, उंदीर असेल. पण ते एक मातकट पाखरू होते. छातीवर बारीक ठिपके. ते चोचीने एकेक पान उलटत होते. पानाखालचे किडे टिपत होते. मग ओहोळाच्या पलीकडून असा गोड गळा ऐकू आला, की सगळ्यांनी माना वर केल्या. काळी पाठ, तांबूस पोट, लांब शेपटी आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. तो शामा. मग वाटेवरून एक हिरवा होला जमिनीलगत बाणासारखा निघून गेला. त्याच्या पाठीचा रंग पाचूसारखा असतो, म्हणून त्याला पाचू होला म्हणतात.

आणि मग एकदम गडबड झाली. डोक्यावरच्या झाडांत कितीतरी पाखरे एकाच वेळी आली. पुढे एक काळाभोर पक्षी. त्याच्या शेपटीला दोन लांब तारा, आणि तारांच्या टोकाला पिसांची छोटी पाने. तो भृंगराज. त्याच्या आगेमागे सुतार, वटवटे, छोटे मातकट सातभाई, माशा पकडणारी निळी पाखरे. कुणी खोडावर, कुणी फांदीवर, कुणी पानांत. सगळी एकत्र पुढे सरकत होती. जणू एकाच गावची माणसे जत्रेला निघाली आहेत. थोड्या वेळात ती पुढे गेली आणि पुन्हा शांत झाले.

ही गंमत नव्हे, मंडळी. ही त्यांची राखण आहे. भृंगराजाची नजर तीक्ष्ण. ससाणा आला, की तो आधी ओरडतो. मग बाकीची पाखरे निर्धास्त खातात. ती खाताना किडे उडतात, ते भृंगराजाला आयते मिळतात. श्रीलंकेत सिंहराजा नावाचे रान आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना असे दिसले, की भृंगराज दुसऱ्या पाखरांच्या आवाजाची नक्कल करतो आणि त्यांना बोलावून घेतो. म्हणजे मुकादमच म्हणा ना!

'भृंगराज' लिहिताना ताई अडल्या. "भ ला काय लावू?" आम्ही पालापाचोळ्यावर काडीने अक्षर काढून दाखवले. त्यांनी तीन वेळा गिरवले.

बाहेर येऊन झाडाखाली भाकरी खाल्ली आणि वह्या पुढे ठेवल्या. 'कड' ही बाजू पान भरून खाली गेली होती. 'आत' ही बाजू अर्धीसुद्धा झाली नव्हती. दादांनी मिशीवर हात फिरवला. ते जिंकले होते.

तेव्हा आम्ही म्हटले, "आता एक काम करा. यातलं जे जे पाखरू आपल्या मानकोलीत दिसतं, त्याच्या नावावर काट मारा. गोदामांच्या पत्र्यावर, खाडीच्या काठी, अंगणात, कुठंही दिसत असलं तरी चालेल."

सगळ्यांनी पेन्सिली घेतल्या. कावळा गेला. चिमणी गेली. साळुंकी गेली. बुलबुल गेला, कोतवाल गेला, होला, शिंपी, दयाळ, भारद्वाज, वेडा राघू, तांबट, कोकीळ, सगळे गेले. डावी बाजू जवळजवळ पुसली गेली. आणि उजव्या बाजूला? तिथे काट मारायला फारसे काही सापडेना. शामा मानकोलीत आहे का? नाही. भृंगराज? नाही. पाचू होला? कुणी पाहिला नाही. पाने उलटणारे ते ठिपक्यांचे पाखरू? नाही.

दादा बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ही रस्त्याची पाखरं माझ्या ओळखीचीच होती होय!"

तर मंडळी, दादांचे डोळे चुकले नव्हते. त्यांनी मोजले ते बरोबरच होते. रानाच्या कडेला पाखरे जास्त दिसतात, हे शास्त्रज्ञांनाही पूर्वीपासून ठाऊक आहे. अमेरिकेत आल्डो लिओपोल्ड नावाचे मोठे वनतज्ज्ञ होऊन गेले. त्यांनी १९३३ मध्ये शिकारीच्या पशुपक्ष्यांवर एक ग्रंथ लिहिला. जिथे रान आणि शेत एकमेकांना भेटतात, तिथे असे पशुपक्षी जास्त असतात, असे त्यांनी त्यात सांगितले. त्याचे कारणही सोपे आहे. कडेला ऊन असते. उन्हाने झुडपे वाढतात, फुले-फळे येतात, किडे होतात. रानाचे खाणे तिथे मिळते आणि शेताचेही मिळते.

आपला मानकोली नाका घ्या. ठाण्याची माणसे तिथे, भिवंडीची तिथे, नाशिककडून येणारी तिथे. मोठागावच्या पुलावरून डोंबिवलीची तिथे. सकाळी उभे राहायला जागा नसते. पण नाक्यावरची माणसे मोजून गावात घरे किती, हे कळेल का? नाका गजबजला म्हणजे गाव भरले, असे नाही. कधी कधी गाव ओस पडते आणि नाका गजबजलेलाच राहतो.

आता ही आतली पाखरे बाहेर का येत नाहीत? त्यांना कुणी अडवले आहे काय? नाही. पण त्यांचा संसारच सावलीतला. पाने उलटून किडे खाणाऱ्या पाखराला ओला पाचोळा लागतो. कडेला ऊन आणि वारा शिरतो, पाचोळा वाळतो, त्यातले किडे नाहीसे होतात. सुताराला जुनी, पोखरता येतील अशी झाडे लागतात. सुताराने पोखरलेल्या ढोलीत पुढे दुसरी पाखरे अंडी घालतात. कडेचे जुने झाड वाऱ्याने आणि कुऱ्हाडीने आधी जाते. काही पाखरे तर इतकी भित्री, की झाडांमधून निघालेला उजेडाचा पट्टासुद्धा ओलांडत नाहीत. आपल्याला वाटते, पंख आहेत, उडून जाईल पलीकडे. पण ते तिकडे बघतही नाही.

एक मजा सांगतो. आपल्या ओळखीच्या कितीतरी पाखरांचा एकेक भाऊबंद रानात आहे. दयाळाचा भाऊबंद शामा. दोघेही गाणारे, पण एक कौलावर गातो आणि एक ओहोळाकाठच्या अंधारात. कोतवालाचा भाऊबंद भृंगराज. होल्याचा भाऊबंद पाचू होला. आपली कोंबडी आहे, तर सह्याद्रीत रानकोंबडा आहे. आणि आपल्या पिंगळ्याचा भाऊबंद रानपिंगळा.

रानपिंगळ्याची गोष्ट जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. पिंगळा म्हणजे छोटे घुबड. वडाच्या, आंब्याच्या ढोलीत राहते, संध्याकाळी चिरचिर करते, सगळ्यांनी पाहिले आहे. रानपिंगळा दिसायला जवळजवळ तसाच. पण त्याच्या डोक्यावर ठिपके फारसे नसतात आणि तो दिवसाही हिंडतो. त्याची पहिली नोंद १८७३ मध्ये झाली. १८८४ नंतर तो कुणाला सापडलाच नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षे नाही, ११३ वर्षे! हा पक्षी संपला, असेच जवळजवळ सगळ्यांनी धरले होते. मग १९९७ मध्ये अमेरिकेतले काही पक्षितज्ज्ञ शोधायला आले, आणि खानदेशात शहाद्याजवळच्या रानात त्यांना तो एका झाडावर दिसला. पुढे तो मेळघाटातही सापडला. आणि २०१४ मध्ये कुठे सापडला असेल? तानसाच्या अभयारण्यात. म्हणजे आपल्या शेजारच्या शहापूरच्या बाजूला! मुंबईला ज्या तळ्याचे पाणी जाते, त्या तळ्याच्या भोवतालच्या रानात. तो काळोख्या दाट रानातला नव्हे. त्याला साग-ऐनाचे विरळ रानच आवडते. पण रानच लागते. गावातला वड त्याला चालत नाही. पिंगळा आपल्याबरोबर कुठेही राहील. रानपिंगळ्याचे तसे नाही.

आता कडेच्या पाखरांचे तरी सगळे बरे चालते का? तेही बघू. अमेरिकेत मिशिगन म्हणून एक राज्य आहे. तिथे दोन शास्त्रज्ञांनी रानाच्या कडेची आणि आतली घरटी तपासली. १९७८ मध्ये त्यांनी ते छापले. कडेला घरटी जास्त होती. पण कडेच्या घरट्यांतून पिल्ले उडून गेली, ती मात्र कमी. कारण अंडी खाणारे प्राणी आणि पक्षी कडेनेच फिरतात. तिकडे एक पाखरू आहे, आपल्या पावशासारखे. पावशाला तुम्ही ओळखता. पावसाआधी 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' म्हणतो, तो. तो स्वतः घरटे करीत नाही, सातभाईच्या घरट्यात अंडे घालतो. तसलेच ते पाखरू तिकडे कडेच्या घरट्यांना गाठते. म्हणून त्या शास्त्रज्ञांनी म्हटले, की कड हा पाखरांसाठी सापळा होऊ शकतो. दाणे दिसतात, म्हणून पाखरू येते आणि अडकते.

सगळ्या देशांत आणि सगळ्या रानांत हे सारखेच घडते, असे नाही. पण आपल्याकडे काय दिसते, ते तुम्हीच सांगा. डोंगराच्या पायथ्याला कचऱ्याचे ढीग पडतात. ढिगावर कावळे आणि कुत्री येतात. कचरा खाऊन पोट भरले, तरी ती तिथेच थांबत नाहीत. कावळा घरटे हुडकतो. कुत्रे पाचोळ्यातली अंडी हुंगते. भारद्वाज दिसायला देखणा, त्याचे दर्शन आपण शुभ मानतो. पण अंडी-पिल्ले खाण्यात तोही मागे नाही. जेवढी कड लांब, तेवढा या मंडळींना आत शिरायला दरवाजा मोठा.

आता हिशेब. पाटी काढा.

एक चौकोनी रान समजा. एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद. म्हणजे १०० हेक्टर. हेक्टर म्हणजे अडीच एकर. ऊन, वारा, कावळे, कुत्री ही कडेपासून १०० मीटरपर्यंत आत पोहोचतात, असे हिशेबापुरते धरू. कधी कमी पोहोचतील, कधी जास्त. मग खरे 'आत' किती उरले? चारही बाजूंनी १०० मीटर सोडले, की ८०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद. म्हणजे ६४ हेक्टर.

आता या रानातून दोन रस्ते काढले. एक उभा, एक आडवा. रानाचे चार तुकडे झाले. प्रत्येक तुकडा ५०० मीटर लांब-रुंद. प्रत्येकाच्या चारही बाजूंनी १०० मीटर सोडा. उरले ३०० लांब आणि ३०० रुंद. म्हणजे ९ हेक्टर. चार तुकडे मिळून ३६ हेक्टर.

रस्त्याने स्वतः किती जागा खाल्ली? फार तर दोन-अडीच हेक्टर. कागदावर तेवढीच लिहिली जाते. पण 'आत' होते ६४, ते झाले ३६. म्हणजे २८ हेक्टर गेले. झाडे उभीच आहेत. नकाशात रान हिरवेच आहे. पण शामाच्या दृष्टीने ते गेले.

हे तुम्हांला आमच्यापेक्षा जास्त कळेल. बापाचे एक शेत असते. चार भावांत वाटणी होते. जमीन तेवढीच राहते, पण बांध वाढतात. बांधाकडेला पीक धड येत नाही. गुरे बांधावरून तोंड घालतात. पुढे नातवांत वाटणी झाली, की शेत कमी आणि बांध जास्त, अशी गत होते. रानाचेही तसेच. फक्त रानाच्या वाटणीला रान कधी बोलावलेले नसते.

याच हिशेबाने बघा. २०० मीटर लांब आणि २०० मीटर रुंद रान असेल, म्हणजे साधारण १० एकर, तर त्यात 'आत' किती उरते? काहीच नाही. सगळी कडच. आपल्याकडच्या कितीतरी देवरायांचे असे झाले आहे. देवराई टिकली, ही मोठीच गोष्ट. जुने वृक्ष टिकले, झरे टिकले, धनेशाला फळे आणि ढोली मिळतात. पण भोवतालचे रान गेल्यावर एकट्या देवराईत आतली पाखरे किती दिवस काढणार?

किती दिवस काढतात, तेही एका ठिकाणी मोजून पाहिले आहे. ब्राझील देशात फार मोठे रान आहे. तिथे मनौस नावाच्या शहराजवळ गुरांसाठी रान तोडत होते. थॉमस लव्हजॉय नावाच्या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये तिथे काम सुरू केले. तोडताना मध्ये मध्ये चौकोनी तुकडे राखले. कुठे १ हेक्टर, कुठे १० हेक्टर, कुठे १०० हेक्टर. तुटण्याआधी जाळी लावून पाखरे मोजली होती. तुटल्यावर पुन्हा पुन्हा मोजली. १०० हेक्टरचा तुकडा म्हणजे २५० एकर. आपल्याला ते मोठे रान वाटेल. पण तिथूनसुद्धा खालच्या झुडपांत राहणाऱ्या पाखरांच्या निम्म्या जाती १५ वर्षांच्या आत नाहीशा झाल्या. कुणी बंदूक मारली नाही. झाडे उभी होती. त्यांतली कडेची मोठी झाडे मात्र वाऱ्याने आणि उन्हाने मरत गेली.

आम्ही हे सांगत होतो, तेव्हा परतीच्या वाटेवर एक म्हातारी आजी भेटल्या. डोंगरातल्या पाड्यावर राहणाऱ्या. डोक्यावर मोळी होती. आमचे बोलणे त्यांनी उभे राहून ऐकले. मग म्हणाल्या, "पाखरांचं झालं. आमच्या पाड्याला रस्ता नाही. गेल्या साली बाळंतिणीला झोळीत घालून खाली आणली. तिचं काय?"

खोटे कशाला सांगू, आम्ही खाली बघितले.

मंडळी, या प्रश्नाला पाखरांची वही पुढे करून उत्तर देता येत नाही. पाड्याला रस्ता पाहिजे. बाळंतीण झोळीतून आणावी लागते, ही लाज पाड्याची नव्हे, आपली. पण आजींच्या रस्त्याने रानाचे फारसे बिघडत नाही. जी पायवाट आहे, तिच्यावरूनच तो होईल. अरुंद राहील. दोन्ही बाजूंच्या फांद्या वरून एकमेकींना भिडतील. अशा वाटेवरून शामाही इकडचा तिकडे जातो. रानाचे तुकडे होतात ते रुंद रस्त्यांनी, त्यांच्या कडेला उठणाऱ्या टपऱ्यांनी, ढाब्यांनी, दगडखाणींनी आणि बंगल्यांसाठी पाडलेल्या प्लॉटांनी. यात आजींचे नाव घेऊन रस्ता मागणारे पुष्कळ असतात. रस्ता झाला, की त्यांचे बंगले आधी होतात आणि पाडा तिथेच राहतो. हे दोन रस्ते वेगळे आहेत. ग्रामसभेत ठराव वाचताना कोणता रस्ता कोणाचा, ते बघावे. आता तुम्हांला ठराव वाचता येतो.

मोठ्या रस्त्यालाही कधी दुसरी तोड असते. ठाणे ते बोरिवली थेट रस्ता करायचा, तर मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे रान येते. तो रस्ता रानावरून न नेता डोंगराच्या पोटातून, बोगद्याने न्यायचे ठरले. २०२४ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. बोगद्याला खर्च फार, आणि त्याचे इतर त्रासही असतात. पण निदान डोक्यावरच्या रानाची वाटणी होत नाही.

राहता राहिली आहे ती कड. तिचे काय करायचे? तिथे आपल्या हातात थोडे आहे. रान एकदम तुटल्यासारखे शेताला लागले, तर ऊन-वारा सरळ आत शिरतो. पण मध्ये करवंदीच्या, तोरणाच्या जाळ्यांचा दाट पट्टा असेल, तर तो कुडासारखा आडवा येतो. आपण घराला कूड घालतो, तसा रानाचा हा कूड. सरपणाला पहिली कुऱ्हाड त्याच जाळ्यांवर पडते, कारण त्या जवळ असतात. त्या राखल्या, तर करवंदेही मिळतील आणि आतला गारवाही टिकेल. दुसरे वणव्याचे. वणवा बहुधा कडेनेच लागतो. कुणी गवत चांगले यावे म्हणून लावतो, कुणी विडी टाकतो. उन्हाळ्यात रातवा, रानकोंबडी, ते ठिपक्यांचे पाखरू, ही सगळी जमिनीवर किंवा जमिनीलगत अंडी घालून बसलेली असतात. झाड आगीतून वाचते. पाचोळ्यातले घरटे वाचत नाही. आणि तिसरा तो कचरा. त्याविषयी मागे बोललोच आहे. आपल्या गोदामांचा कचरा रात्री टेम्पोत भरून कुठे जातो, हे या वर्गातल्या कितीतरी जणांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आम्ही नाव घेत नाही.

दादा आज इथे बसले आहेत. त्यांनी परवा आम्हांला वही आणून दाखवली. बहिणीकडे गेले होते. त्या नव्या रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांनी सगळी पाखरे लिहिली. दीड पान झाले. मग काट मारीत गेले. एक नाव उरले. एक काळा पक्षी, शेपटीला एकच तार. दुसरी तुटली असावी. त्यांनी खाली लिहिले आहे : 'भृंगराज. एकटा होता. मागे कोणी नव्हते.' भ ला लावलेला ऋकार बरोबर आहे.

पावसाळा लागल्यावर नवरंग नावाचे पाखरू ओरडायला लागते. त्याच्या अंगावर खरोखरच नऊ रंग आहेत म्हणतात. आम्ही मोजले नाहीत. आषाढातल्या पहिल्या रविवारी पुन्हा जायचे आहे. पहाटे पाच वाजता नाक्यावर जमायचे. वही प्लास्टिकच्या पिशवीत घाला. आणि आतल्या बाजूसाठी या वेळी पान मोठे ठेवा, कारण आता आपल्याला गप्प बसता येते.